उघड्यावर मिरचीची रोपं: बी टाकल्यापासून कुंडीत जाईपर्यंत

मिरचीचं तयार रोप नर्सरीत अगदी स्वस्त मिळतं. मग घरी बी टाकून चाळीस दिवस डोक्याला ताप कशाला, असं घरातलं कुणीतरी विचारणारच. माझ्याकडे याचं एकच उत्तर आहे. नर्सरीवाला तीच रोपं ठेवतो जी त्याच्याकडून शेकड्यानं उचलली जातात. तुम्हाला भिवापुरी हवी असेल, गोव्याच्या काणकोणातली खोला मिरची हवी असेल किंवा मामाच्या परसातली ती एक बुटकी, आकाशाकडे तोंड करून लागणारी लवंगी हवी असेल, तर बी तुम्हालाच टाकावं लागतं.

आणि मिरचीच का? कारण ती संथ आहे. टोमॅटोचं बी आठवड्यात वर येतं, महिन्याभरात लावणीला तयार होतं आणि तुमच्या बऱ्याच चुका पोटात घालतं. वांगं मधे कुठेतरी. मिरची उगवायलाच आठ ते चौदा दिवस घेते, आणि त्या काळात माणूस अधीर होऊन नको ते करतो. मिरचीची रोपं जमली की बाकी सगळी जमतात.

आधी एक गैरसमज बाजूला करू. इंटरनेटवर रोपांचे जे व्हिडिओ दिसतात त्यांतले बरेच थंड देशांतले असतात. तिथे मार्चमध्ये बाहेर बर्फ असतो, म्हणून ती माणसं घरात दिवे लावून रोपं वाढवतात आणि मे महिन्यात ती हळूहळू बाहेर काढतात. आपल्याकडे या सगळ्याचं काही कारण नाही. आपल्याकडे ऊन फुकट आहे, उबदार हवा फुकट आहे, वारा फुकट आहे. तरीही नवखा माणूस पहिला ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवतो. मीही ठेवला होता. रोपं भराभरा वाढली, बोटभर उंच झाली, मला वाटलं हात चांगला आहे. मग मे महिन्यातल्या एका दुपारी ती गच्चीवर नेऊन ठेवली. संध्याकाळी बघायला गेलो तर ट्रेमध्ये रोपांचे पापड झाले होते.

त्या रोपांना काय झालं होतं ते समजायला लांब जायला नको. नवरात्रात घट बसतो तेव्हा पत्रावळीवर माती घालून धान्य पेरतात. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते नऊ दिवसांत वीतभर वाढतं, पिवळंधमक, नाजूक, एका बाजूला झुकलेलं. दसऱ्याला ते टोपीत खोवायला सुंदर दिसतं. पण ती वाढ नसते, उजेडाच्या शोधात केलेली धावपळ असते. देवघरात शोभणारा तो पिवळा तुरा रोपांच्या ट्रेमध्ये दिसला तर समजावं की रोप उपाशी आहे. म्हणून ट्रे पहिल्या दिवसापासून बाहेरच ठेवायचा.

केव्हा

पहिल्यांदा करणाऱ्याला माझा आग्रह हस्त नक्षत्र सरताना, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, सुरुवात करण्याचा. पाऊस ओसरत आलेला असतो, ऊन स्वच्छ असतं पण भाजत नाही, आणि माती अजून उबदार असते. मिरचीच्या बियाला पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसची ऊब हवी. तापमान अठराच्या खाली गेलं की ते नुसतं बसून राहतं. नाशिक, निफाड, पुण्याच्या थंडीत डिसेंबरमध्ये बी टाकून तीन आठवडे ट्रेकडे बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

शेतकरी खरिपाचं रोप रोहिणीत, मे महिन्याच्या शेवटी टाकतो, म्हणजे आर्द्रात पाऊस नीट लागला की लावणीला रोप तयार असतं. तेही चालतं, पण मग सुरुवातीला कडक ऊन आणि पुढे मुसळधार पाऊस अशी दोन्ही टोकं सांभाळावी लागतात. विदर्भात मे महिन्यात बी टाकायचं तर वर शेडनेट हवंच. कोकणात तर जून ते ऑगस्ट हा उद्योग करूच नये असं मला वाटतं. तिसरा मोसम जानेवारीच्या शेवटाचा, संक्रांत उलटल्यावरचा, उन्हाळी मिरचीसाठी. तोही बरा आहे, फक्त लावणी झाल्यावर उन्हाळाभर पाणी घालायची तयारी ठेवा.

जागा

सकाळचं ऊन निदान चार-पाच तास मिळेल, आणि दुपारी बारानंतर सावली येईल किंवा आणता येईल अशी जागा शोधा. पूर्वेची गॅलरी उत्तम. गच्ची असेल तर ट्रे थेट स्लॅबवर ठेवू नका. स्लॅब दुपारी तापतो आणि मुळं खालून शिजतात. चार विटांवर फळी टाका आणि त्यावर ट्रे. त्यानं आणखी एक फायदा होतो: खालच्या भोकातून बाहेर आलेली मुळं हवेत सुकतात आणि आत नवी, दाट मुळं फुटतात. ट्रे जमिनीला टेकलेला असेल तर तीच मुळं खाली घुसतात आणि ट्रे उचलताना तुटतात.

पाण्याचा नळ जवळ असावा, हे मी फार उशिरा शिकलो. दोन जिने चढून पाणी न्यावं लागलं की माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळतो.

बी

पाकिटातलं बी घेतलंत तर मागची बाजू वाचा. चाचणीची तारीख, वापरण्याची मुदत आणि उगवणशक्ती लिहिलेली असते. मिरचीसाठी किमान उगवणशक्तीचं प्रमाण ६० टक्के आहे, टोमॅटो-वांग्यासाठी ७०. म्हणजे कायद्यानं चोख असलेल्या पाकिटातल्याही दहांतल्या चार बिया उगवल्या नाहीत तर ती तुमची चूक नाही. बी गुलाबी, हिरवं किंवा निळसर दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. त्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा, आणि उरलेलं बी स्वयंपाकघरातल्या डब्यात तर अजिबात नको.

पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ लिहिलं असेल तर त्या झाडाच्या मिरच्यांचं बी पुढच्या वर्षी धरू नका. झाडं येतील, पण आईबापासारखी येतीलच असं नाही. बी धरायचं असेल तर सुधारित किंवा गावरान वाण घ्या. कृषी विद्यापीठांचे वाण, उदाहरणार्थ राहुरीची फुले ज्योती किंवा दापोलीची कोकण कीर्ती, किंवा दिल्लीच्या पुसा संस्थेची जुनी पुसा ज्वाला, हे सरळ वाण आहेत.

घरच्या मिरचीचं बी काढायचं तर मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. हिरव्या मिरचीतलं बी बहुधा कच्चं असतं. लाल मिरची फोडून बी काढा, हाताला आधी खोबरेल तेल चोळा किंवा हातमोजे घाला. त्या हातानं डोळा चोळलात तर दिवस वाया गेला म्हणून समजा. बी सावलीत आठवडाभर वाळवा. पिवळसर, चपटं, भरलेलं ठेवा. काळपट, पोचट टाकून द्या. शेजारी भोपळी मिरची फुलत असेल तर परागांची देवघेव होऊ शकते, हे लक्षात असू द्या.

वाण्याकडच्या सुक्या मिरचीतलं बी लावून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. उन्हात वाळवलेल्या नव्या मिरचीचं कधी कधी उगवतंही. पण जुन्या किंवा भट्टीत वाळवलेल्या मिरचीतलं बी मेलेलं असतं, आणि बघून ते ओळखता येत नाही. म्हणून शंका असेल तर आधी परीक्षा घ्या: ओल्या सुती फडक्यात दहा बिया गुंडाळून डब्यात ठेवा, फडकं सुकू देऊ नका. बारा दिवसांत पाच-सहांना मोड आले तर बी चालेल, फक्त थोडं जास्त टाका. एक-दोनालाच आले तर दुसरं शोधा.

भरायचं काय

अंगणातली माती नको. काळी माती ओली झाली की चिकट होते आणि वाळली की वर टणक खपली धरते. मिरचीचा बारीक कोंब ती फोडू शकत नाही. शिवाय मातीत बुरशीचे बीजाणू नसले तर नवल, आणि बुरशी हाच या चाळीस दिवसांचा खरा शत्रू आहे.

सोपं मिश्रण: दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, विटेच्या रूपात मिळतो. साडेसहाशे ग्रॅमची वीट तीन-चार लिटर पाण्यात टाकली की फुगून आठ-नऊ लिटर भुसा होतो, म्हणजे घरच्या दोन ट्रेला पुरून उरतो. तो फुगल्यावर एकदा स्वच्छ पाण्यात खळबळून पिळून घ्या. काही विटांमध्ये क्षार खूप असतात. मी एकदा न धुता वापरला. रोपं उगवली, पण पानांच्या कडा करपत गेल्या आणि मी महिनाभर कीड शोधत बसलो.

ताजं शेणखत घालू नका. ते कुजताना तापतं, आणि त्यातून हुमणीच्या अळ्या येतात त्या वेगळ्याच. शेणखत घालायचंच तर जुनं, चहाच्या भुकटीसारखं मोकळं झालेलं.

ट्रायकोडर्माची पावडर कृषी केंद्रात मिळते. ही एक उपयोगी बुरशी आहे जी रोगाच्या बुरशीला वाढू देत नाही. मूठभर गांडूळखतात चमचाभर मिसळा, थोडं ओलसर करून तीन-चार दिवस सावलीत झाकून ठेवा आणि मग मिश्रणात घाला. ही गोष्ट टाळता येते, पण मी टाळत नाही.

भांडं म्हणाल तर ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे व्यावसायिक रोपवाटिकांत चालतो. घरी त्याचा अर्धा कापून वापरा. नाहीतर दह्याचे कप, कागदी ग्लास, श्रीखंडाचे डबे, काहीही चालेल, पण तळाला भोकं हवीत. तापवलेल्या खिळ्यानं तीन-चार भोकं पाडा. एका मोठ्या डब्यात पन्नास बिया एकत्र टाकण्यापेक्षा वेगवेगळे कप बरे, कारण रोग आला तर एक कप जातो, पन्नास रोपं जात नाहीत.

दिवस पहिला: पेरणी

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. रंगवलेलं बी मात्र भिजवू नका, औषध धुऊन जातं. सकाळी कप मिश्रणानं भरा, बोटानं हलकं दाबा, ठोकू नका. मिश्रण किती ओलं हवं? मुठीत घट्ट दाबलं तर बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नाही.

प्रत्येक कपात दोन बिया, अर्धा सेंटिमीटर खोल. नखाचं अर्धं टोक बुडेल एवढं. फार वर पडलं तर कोंब बाहेर येताना बियाचं टरफल डोक्यावर घेऊन येतो, फार खोल गेलं तर येतच नाही. वरून त्याच मिश्रणाचा पातळ थर, आणि झारीनं बारीक पाऊस. झारी नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं दहा भोकं पाडा.

वाणाचं नाव आणि तारीख आत्ताच लिहा. आइस्क्रीमच्या काडीवर शिसपेन्सिलनं. पेनाची शाई उन्हात उडते, आणि ‘लक्षात राहील’ हे आपण स्वतःशी बोललेलं सर्वांत जुनं खोटं आहे.

आता ट्रेवर ओलं गोणपाट किंवा वर्तमानपत्र टाका आणि सावलीत ठेवा. या काळात बियाला उजेड लागत नाही, ऊब आणि ओल लागते. रोपवाटिकेत ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात, ते याचसाठी.

पाचवा ते चौदावा दिवस: काहीही करू नका

हा सर्वांत कठीण टप्पा आहे. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाट उचलून बघा. वरचा थर फिका पडला असेल तर थोडं पाणी शिंपडा, नाहीतर झाकून टाका. बोटानं उकरून ‘आलं का’ बघायचं नाही. उकरलेल्या बियाचं इवलंसं मूळ तुटतं आणि ते बी गेलंच.

मातीतून पहिला वाकडा, पांढुरका कोंब दिसला की त्याच क्षणी गोणपाट काढा. ‘संध्याकाळी सगळे आले की काढू’ असं करू नका. अर्ध्या दिवसाच्या अंधारात कोंब लांबतो, आणि लांबलेला कोंब पुन्हा आखूड होत नाही. उरलेले मागून येतील.

मुंग्यांवर लक्ष ठेवा. ट्रेखालच्या विटांभोवती राखेची किंवा हळदीची रेघ ओढा. उंदीर आणि खारीचा उपद्रव असेल तर ट्रेवर जुनी जाळी किंवा भाजीची उलटी टोपली ठेवा. बुलबुल आणि चिमण्यांना कोवळा कोंब फार आवडतो.

काही रोपांच्या डोक्यावर टरफल अडकलेलं दिसेल. ओढून काढू नका. पाण्याचा एक थेंब त्यावर ठेवा, संध्याकाळी पुन्हा एक. बहुधा ते आपोआप गळतं.

पहिली दोन पानं आणि मर

वर येताच जी दोन लांबट, गुळगुळीत पानं उघडतात ती दलपत्रं. ती बियातच तयार होती, रोपाचा शिधा त्यांत भरलेला असतो. खरी पानं नंतर त्यांच्या मधून निघतात. दलपत्रं उघडल्यापासून दुसरी खरी पानं येईपर्यंतचे दहा-बारा दिवस ट्रेचे बरे-वाईट ठरवतात.

या दिवसांत जो रोग येतो त्याला शेतकरी ‘मर’ म्हणतात, पुस्तकात ‘रोपं कोलमडणे’ लिहितात. संध्याकाळी छान उभं असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं. उचलून बघा: मातीच्या रेषेला खोड दोऱ्यासारखं बारीक आणि पाणचट झालेलं दिसेल. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशी हे करतात. आडवं पडलेलं रोप वाचत नाही. त्याच्या आजूबाजूची दोन-तीन रोपं चांगली दिसत असली तरी बहुतेक गेलेली असतात.

औषधापेक्षा कारण बघा. बुरशीला तीन गोष्टी हव्यात: सतत ओला पृष्ठभाग, कोंडलेली हवा आणि दाटी. रोपं उघड्यावर का ठेवायची याचं ऊन हे एक कारण, आणि वारा हे दुसरं. वाहत्या वाऱ्यानं मातीचा वरचा थर दोन-तीन तासांत कोरडा होतो आणि बुरशीची वाट बंद होते. परतीच्या पावसाच्या भीतीनं मी एकदा ट्रेवर चारही बाजूंनी प्लॅस्टिक ताणलं आणि दोन दिवस गावाला गेलो. पावसानं काही केलं नाही. प्लॅस्टिकच्या आतल्या दमट उबेनं पाऊणशे रोपं झोपवली. पाऊस अडवायचा तर वरून छप्पर करा, चारही बाजू मोकळ्या ठेवा.

मर दिसलीच तर पडलेली रोपं त्यांच्या मिश्रणासकट काढून कचऱ्यात टाका, कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये नाही. पाणी एक दिवस बंद. उरलेल्यांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात ओततात. मात्र ते ओतलंत की ट्रायकोडर्माही मरतो, तेव्हा दोन्ही एका वेळी वापरण्यात अर्थ नाही.

पाणी

नवख्यांची रोपं तहानेनं कमी आणि प्रेमानं जास्त मरतात. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी हा नियम विसरा. ट्रे उचलून बघा. भरपूर पाणी दिल्यावर त्याचं वजन किती असतं ते एकदा हाताला कळलं की नंतर हलका ट्रे आपोआप ओळखता येतो. हलका झाला की पाणी, तोवर नाही. ऑक्टोबरात हे बहुधा दिवसातून एकदा होतं, मे महिन्यात दोनदा.

पाणी सकाळी द्यावं. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर पानांवर आणि खोडाशी बसून राहतं आणि बुरशीचं फावतं. शक्य असेल तर ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवून खालून पिऊ द्या, मग निथळवा. परात ट्रेखाली कायमची ठेवू नका.

ऊन कसं वाढवायचं

रोपं उगवली की पहिले तीन-चार दिवस सकाळचं ऊन दोन तास, मग झाडाखालचा किंवा शेडनेटचा झिरपता उजेड. दुसऱ्या आठवड्यात दहा-अकरा वाजेपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात दुपारचे कडक दोन तास सोडून बाकी सगळं. चौथ्या आठवड्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरचं पूर्ण ऊन मिरचीचं रोप आनंदानं झेलतं. मार्च ते मे दरम्यान ५० टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं, शेडनेट दुपारी ठेवाच.

रोप तुमच्याशी बोलत असतं. दोन पानांच्या जोड्यांमधलं खोड लांबट दिसू लागलं, रोप एका दिशेला वाकलं, तर ऊन कमी पडतंय. पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग पडले तर ऊन अचानक जास्त झालं. लांबलेलं टोमॅटोचं रोप लावताना खोल गाडता येतं, खोडाला मुळं फुटतात. मिरचीच्या बाबतीत या युक्तीवर फार भिस्त ठेवू नका.

खुरटं रोप कापायचं

दोन्ही बिया उगवल्या असतील तर खरी पानं दिसल्यावर कमजोर रोप कात्रीनं मातीलगत कापा. उपटू नका, दोघांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. हे करताना जीव कळवळतो. माझ्या आईनं एकदा कापायला नकार देऊन सगळी जुळी रोपं तशीच वाढवली होती. दोघांपैकी एकही धड वाढलं नाही.

खत आणि कीड

दलपत्रं हिरवी आहेत तोवर खताची गरज नाही. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, किंवा गांडूळखत रात्रभर भिजवून गाळलेलं फिकट चहासारखं पाणी. जास्त नायट्रोजन दिलं की रोप गुबगुबीत, काळपट हिरवं दिसतं आणि कीड आधी त्याच्याकडेच येते.

कीड म्हणाल तर तिसऱ्या आठवड्यापासून पानं उलटून बघायची सवय लावा. मिरचीचा चुरडा-मुरडा, ज्याला कुठे बोकड्या तर कुठे कोकडा म्हणतात, त्याची सुरुवात इथेच होते. फुलकिड्यांनी रस शोषला तर पानं होडीसारखी वर वळतात, कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाखाली राहणारी अगदी बारीक कीड) असेल तर खाली. पांढरी माशी तर विषाणूच घेऊन येते आणि त्या रोगाला औषध नाही. ते रोप काढून टाकावं लागतं. म्हणून माशी येऊच न देणं हाच उपाय. ट्रेवर बांबूच्या कमानी करून बारीक विणीची पांढरी जाळी टाका, जुनी मच्छरदाणीही काही नसण्यापेक्षा बरी. शेजारी एक पिवळा आणि एक निळा चिकट सापळा टांगा. पिवळ्यावर पांढरी माशी येते, निळ्यावर फुलकिडे. आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क किंवा कडुनिंबाचं तेल लिटरला तीन-चार मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

पावसाळ्यात रोपं केलीत तर गोगलगायी येतील. रात्री टॉर्च घेऊन वेचून मिठाच्या पाण्यात टाकणं, याहून खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही: तंबाखू मळलेल्या किंवा विडी ओढलेल्या हातानं रोपांना हात लावू नका. तंबाखूतला मोझॅक विषाणू हातावरून मिरची आणि टोमॅटोला लागतो. आधी साबणानं हात धुवा. गच्चीवर मदतीला येणाऱ्या काकांनाही हे गोड शब्दांत सांगा.

पस्तिसाव्या दिवसापासून: काटक करणं आणि लावणी

मिरचीचं रोप पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत तयार होतं. टोमॅटो पंचवीस ते तीस, वांगं तीस-पस्तीस. दिवसांपेक्षा रोपाकडे बघा: वीतभराला थोडं कमी, पाच-सहा खरी पानं, पेन्सिलच्या शिशापेक्षा जाड खोड, आणि कप हलकेच दाबून रोप काढलं तर मिश्रण न सुटता मुळांच्या पांढऱ्या जाळीसकट बाहेर येणारं. मिश्रण ढासळलं तर अजून चार दिवस थांबा. मुळं तळाशी गोल गोल फिरून तपकिरी झाली असतील तर उशीर झाला.

लावणीच्या आधीचा आठवडा रोपांना थोडं कडक वागवा. खत बंद, पाणी निम्म्यावर, पण पानं पडू देऊ नका. दिवसभर उघड्यावर, वाऱ्यात. खोडाला किंचित जांभळट छटा येते, पानं थोडी जाड होतात. घरात वाढवलेल्या रोपांना हा आठवडा फार जड जातो. पहिल्या दिवसापासून बाहेर असलेली रोपं याची दखलही घेत नाहीत.

कुंडी बारा इंचांची, एका कुंडीत एकच रोप. जमिनीत लावायची तर दोन रोपांत दीड फूट आणि दोन ओळींत दोन फूट. लावणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. ट्रेला तासभर आधी पाणी द्या. रोप काढताना खोडाला धरू नका, दलपत्राला किंवा मुळांच्या गड्ड्याला धरा. पान तुटलं तर दुसरं येतं, चेचलेलं खोड परत येत नाही. ट्रेमध्ये जितकं खोल होतं तितकंच लावा, भोवतीची माती बोटांनी बसवा आणि पोटभर पाणी द्या. बुंध्यापासून दोन बोटं सोडून वाळलेल्या पानांचं आच्छादन घाला.

पहिले तीन दिवस दुपारी रोप मान टाकेल. तुम्ही घाबराल, पाणी ओताल आणि मुळं कुजवाल. तसं न करता दुपारी त्यावर जुनं सुपडं किंवा नारळाची झावळी तिरकी उभी करा आणि खाली जा. संध्याकाळी ते बहुधा ताठ उभं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही मान पडलेलीच असेल, तरच झारी उचला.